वाकडे दात आणि सरळ प्रश्न

गेल्या दिवाळीत आमच्या बदलापूरच्या घरी चकलीवरून वाद झाला. चकली बिघडली होती म्हणून नव्हे. उलट ती चांगली खुसखुशीत झाली होती आणि तेच वादाचे कारण होते. आमच्या नातीने, वय वर्षे 12, डब्यात हात घातला तशी सूनबाई म्हणाल्या, "खाऊन घे यंदा पोटभर. दातांना तार बसली की पुढच्या दोन दिवाळ्या चकली, कडबोळी, चिक्की, सगळे बंद." नात रडवेली झाली. चिरंजीव वर्तमानपत्राआड गेले. आणि मी, ज्याचे मत कोणी विचारले नव्हते, त्याने ते देऊन टाकले. "कशाला हवी ती तार? आपल्या घराण्यात सगळ्यांचेच दात पुढे. कोणाचे काय अडले?"

सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "बाबा, आत्यांना विचारा, काय अडले ते."

वाचकहो, या एका वाक्याने माझे तोंड बंद झाले.

आत्या म्हणजे माझी ताई, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. ताईला दाखवण्याचे कार्यक्रम सुरू झाले ते साधारण 1968 साली. कांदेपोहे व्हावेत, मंडळींनी ते संपवावेत, आणि आठ दिवसांनी 'पत्रिका जुळत नाही' असे कार्ड यावे. एका मंडळींनी तेवढाही धीर धरला नाही. जिना उतरता उतरताच त्यांच्यातले कोणीतरी म्हणाले, "मुलगी हसली नसती तर बरे झाले असते." ते वर स्पष्ट ऐकू आले. त्या दिवसापासून ताई हसताना पदर तोंडाशी नेते. पुढे तिचे लग्न झाले, मुले झाली, संसार चांगला झाला. आज ती 76 वर्षांची आहे. पुढे आलेले ते दात केव्हाच गेले. कवळीतले दात ओळीने सरळ आहेत. तरी पदर जातोच.

तेव्हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. तार लावल्याने माणसाची प्रकृती, शरीराची आणि मनाचीही, पुढच्या आयुष्यात खरोखर सुधारते का? निवृत्त माणसाजवळ पैसा नसला तरी वेळ असतो. मी चौकशीला लागलो.

सूनबाईंनी ठरवलेल्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना उल्हासनगरला. कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधमधली माणसे येऊन राहिली, 1949 साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि आता जीन्सच्या पाटलोणीपासून फर्निचरपर्यंत तिथे मिळत नाही अशी वस्तू नाही. सरळ दातही मिळतात, हे मला नव्याने कळले. बाईंनी खर्चाचा आकडा सांगितला, 40 हजार रुपये. माझा चेहरा पाहून त्या हसल्या आणि त्यांनी मला मुकाट्याने बसवून दात कसा सरकतो ते समजावून दिले.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची एक पातळ गादी असते. तारेने एका बाजूला हळूहळू दाब दिला की त्या बाजूचे हाड झिजते आणि मागच्या बाजूला नवे भरते. असा दात आपली जागा बदलतो. घाई केली तर मुळांना इजा होते, म्हणून दीड-दोन वर्षे लागतात. वाकड्या दातांचे प्रकार पाडून या विद्येला शास्त्राची बैठक दिली ती अमेरिकेच्या एडवर्ड अँगल यांनी, 1899 साली. भारतातल्या या तज्ज्ञांची संस्था 1965 सालची.

"हे झाले सरकवण्याचे," मी म्हटले. "पण फायदा?"

बाई प्रामाणिक निघाल्या. त्यांनी मला वाचायला दिले आणि ते वाचून मी चकित झालो.

इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये, कार्डिफ शहरात 1981 साली 11-12 वर्षांची 1,018 मुले निवडली गेली. त्यांचे दात तपासले आणि मनही तपासले. मग वीस वर्षे थांबून, 2001 साली, त्यांना पुन्हा बोलावले. आले 337 जण. बाकीचे जगाच्या गर्दीत पांगले. कोणाला तार लागली होती, कोणाला गरज असूनही लागली नव्हती. निष्कर्ष असा निघाला की, गरज असून ज्यांना उपचार मिळाला नाही ती माणसे तिशीत काही मनाने खचलेली नव्हती. तारवाल्यांचे दात सरळ होते आणि आपल्या दातांवर ती मंडळी अधिक खूश होती. पण त्यांच्या आत्मविश्वासाचे श्रेय तारेला देता येईना. ज्याला तो लहानपणी होता, त्याला तो मोठेपणीही होता.

दक्षिण ऑस्ट्रेलियात 1988-89 साली 13 वर्षांची असलेली मुले तिशीत पुन्हा तपासली, तेव्हा तर तार न लावलेले लोकच पुढच्या आयुष्याविषयी अधिक आशावादी आढळले. तारेने माणूस निराश होतो असा याचा अर्थ नव्हे. तारेने आनंद विकत मिळत नाही, एवढाच. तिथे दातांची किडही तारेने कमी झालेली दिसली नाही. हिरड्यांच्या बाबतीत 2008 साली जुने सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर फायद्याचा भक्कम पुरावा नाही, झालाच तर केसाएवढा तोटा. जबड्याच्या सांध्याची कथा आणखी मौजेची. 1987 साली अमेरिकेत मिशिगन राज्यात, तारेमुळे सांधा बिघडला असे मानून ज्यूरीने एका मुलीला साडेआठ लाख डॉलर भरपाई मंजूर केली. पुढे कार्डिफच्याच मंडळींनी वीस वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा तार हे दुखणे आणतही नाही आणि टाळतही नाही असे दिसले.

वर सरळ झालेले दात सरळ राहतीलच असेही नाही. सिअ‍ॅटलच्या विद्यापीठाने 65 रुग्ण उपचारानंतर दहा वर्षांनी पाहिले. सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या खालच्या पुढच्या दातांची रांग पुन्हा मोडली होती. म्हणून तार काढल्यावरही दात धरून ठेवणारी पट्टी वर्षानुवर्षे वापरावी लागते.

माझा विजय झाला असे वाटून मी पुन्हा बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही अर्धेच वाचलेत. ज्या बाळांचे टाळू दुभंगलेले असते, ज्यांचे सुळे हाडातच अडकून राहतात, त्यांना हा उपचार म्हणजे चैन नाही. आणि तुमच्या नातीचे वरचे दात आठ मिलिमीटर पुढे आहेत. अशा मुलांना वेळेवर उपचार केला तर पडल्यावर पुढचे दात तुटण्याचे प्रमाण कमी होते. त्याला पुरावा आहे. ती काय खेळते?"

ती खो-खो खेळते. गुडघे कायम सोललेले असतात.

मग बाई आणखी एक बोलल्या, ते मला फार पटले. वाकड्या दाताने तोंडाचा रोग होत नाही, तंबाखूने होतो. सकाळी मशेरी लावणारी आजी आणि दुपारी पुडी फोडणारा बाप मुलीच्या दातांसाठी कर्ज काढतात, तेव्हा त्यांना आधी स्वतःचे तोंड उघडायला सांगावे लागते. गुटख्याला राज्यात 2012 पासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते ते आमच्या लाइनीवरच्या स्टेशनांच्या जिन्यांचे कोपरे सांगतात.

येताना अंबरनाथला उतरून ताईकडे गेलो. कार्डिफचा निकाल तिला वाचून दाखवला. म्हटले, "बघ, शास्त्र म्हणते, पुढे काही फरक पडत नाही." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिथल्या पोरींना दाखवायला बसवतात का रे?"

मला उत्तर सुचले नाही.

"आपल्याकडे तेव्हा पैसे असते तर मी तार लावून घेतली असती," ती म्हणाली. "त्या लोकांनी मग माझा रंग काढला असता. पण तिला विचारलेत का तुम्ही? की मला विचारले नाही तसेच?"

खरोखरच कोणी विचारले नव्हते. आईला मुलीच्या लग्नाची काळजी, बापाला हप्त्यांची, आजोबांना मताची. त्या रात्री मी नातीला विचारले. ती लगेच म्हणाली, "मला हवी आहे तार. मला पुढच्या दातांनी पोळी तोडता येत नाही, आजोबा. शाळेत मी डब्यातले सगळे हाताने कुसकरून खाते. फक्त दिवाळी होऊ दे."

बारा वर्षे एका ताटाशेजारी जेवलो, पण हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. सबंध जगाचे अभ्यास चाळून आलेल्या मला तर नाहीच.

तार बसून आता वर्ष होत आले. 40 हजारांपैकी निम्मे माझ्या पेन्शनीतून गेले, कारण चुकीचे मत फुकट देता येत नाही. पहिले चार दिवस तिने पेजेवर काढले. जेवणानंतर दहा मिनिटे ती एवढासा ब्रश घेऊन आरशासमोर उभी असते. तारेभोवती अन्न राहिले तर दातांवर पांढरे डाग पडतात, अशी बाईंची ताकीद आहे. तिचे आयुष्य त्यामुळे अधिक सुखाचे होईल काय, हे मी सांगू शकत नाही. तिशीत आल्यावर तिने सांगावे. पोळी मात्र ती आता हळूहळू दातांनी तोडू लागली आहे.

गणपतीत ताई आली होती. नात तोंडभर तार दाखवत खदाखदा हसली. ताईही हसली. पदर वर गेला.

यंदाच्या चकलीची सोयही नातीनेच काढली आहे. खलबत्त्यात चकली कुटायची, दह्यात कालवायची आणि चमच्याने खायची. आमच्या सौभाग्यवतींना हा चकलीचा अपमान वाटतो. मी यंदा मत दिलेले नाही.