धुराचे इंधन, विजेचा हिशेब

आइसलंडमधल्या स्वार्त्सेंगी भूऔष्णिक वीजकेंद्रात जमिनीतल्या वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइडही वर येतो. २०१२ पासून शेजारचा एक कारखाना तो पकडून त्याचे मिथेनॉल करू लागला. कारखान्याला जॉर्ज ओलाह यांचे नाव आहे. १९९४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या ओलाह यांनी तेलानंतरच्या जगासाठी मिथेनॉलचा पर्याय हिरिरीने मांडला होता.

आता हा विषय भारतातही आला आहे. मध्य प्रदेशातल्या विंध्याचल औष्णिक केंद्रात एनटीपीसीने २०२४ मध्ये कोळशाच्या धुरातल्या कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल बनवून दाखवले. तिथल्या अभियंत्यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण प्रदूषणाचे इंधन झाले म्हणून टाळ्या वाजवण्याआधी विजेचा हिशेब मांडावा लागेल.

एक टन मिथेनॉलला सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड आणि १९० किलो हायड्रोजन लागतो. हे वायू तांबे-जस्ताच्या उत्प्रेरकावरून, अडीचशे अंशांच्या आसपास, मोठ्या दाबाखाली नेले की मिथेनॉल आणि पाणी मिळते. रसायन उद्योगाला यात नवे काही नाही. खरा खर्च हायड्रोजनचा. पाण्यापासून किलोभर हायड्रोजन काढायला ५० युनिटहून अधिक वीज लागते, म्हणजे टनभर मिथेनॉलमागे सुमारे दहा हजार युनिट. त्या मिथेनॉलमध्ये उरते जेमतेम साडेपाच हजार युनिटांइतकी ऊर्जा.

ही वीज ग्रिडमधून घेतली तर? आपल्याकडे एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १.४ टन वायू वापरण्यासाठी सात टन सोडायचा! शिवाय मिथेनॉल जाळले की ते १.४ टनही बाहेर पडणारच.

म्हणून पहिली अट सौर किंवा पवन विजेची. दुसरी अट कार्बनच्या उगमाची, कारण कोळशातला कार्बन इंधनाच्या वाटेने गेला तरी शेवटी हवेतच जातो. डेन्मार्कमध्ये कासो इथे मोठ्या सौर प्रकल्पाशेजारी २०२५ मध्ये सुरू झालेला कारखाना बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड वापरतो. क्षमता वर्षाला ४२ हजार टन, आणि ग्राहकांमध्ये मर्स्क ही जहाज कंपनी आहे. हा वापर योग्यच, कारण मालवाहू जहाज बॅटरीवर महासागर ओलांडू शकत नाही. मोटारींसाठी मात्र हे इंधन खर्ची घालू नये. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर गाडी कितीतरी लांब जाईल.

महाराष्ट्राची संधी साखर कारखान्यांच्या आसवनींमध्ये आहे. मळी आंबवण्याच्या टाकीत फेस काढत वर येणारा वायू म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड, टनभर इथेनॉलमागे जवळपास टनभर. धुरातून तो वेगळा काढण्याचा खटाटोप इथे नाही, आणि हा कार्बन उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. काही कारखाने तो पकडून शीतपेयांसाठी किंवा कोरड्या बर्फासाठी विकतात, बाकीचे सोडून देतात. दुसरीकडे देश गरजेचे बहुतेक मिथेनॉल आयात करतो.

राज्य सरकारने या तंत्रावर पैसा लावायचा ठरवलाच, तर चंद्रपूरच्या धुराड्यांकडे वळण्याआधी एखाद्या सहकारी कारखान्याच्या आसवनीशेजारी, स्वतंत्र सौरविजेवर चालणारा छोटा प्रकल्प उभारावा. त्यात प्रत्येक टनामागे किती वीज गेली आणि ती कुठून आली, हे आकडे दर हंगामाला जाहीर करावेत.