मागच्या सीटवरचं 'खट्'

मैत्रिणींनो, घरच्या गाडीत तुम्ही कुठे बसता?

आमच्याकडे तरी जागा ठरलेल्या आहेत. पुढे आमचे हे, त्यांच्या शेजारी मुलगा नाहीतर एखादे भाऊजी. मागे मी, सासूबाई, पिशव्या, पाण्याची कॅन आणि येताना कोणी ना कोणी गळ्यात मारलेलं कोथिंबिरीचं गाठोडं. आमची जीप जुनी आहे. मागे समोरासमोर दोन बाकडी, आणि ती बरोबर मागच्या चाकांवर. खड्डा आला की पहिला हिसका आम्हाला, आणि गाडीला काही झालं की पहिला आवाजही आम्हालाच. पुढे इंजिनाची घरघर आणि वर गाण्यांचा दणका. तिथे मागचं काय ऐकू येणार?

गेल्या दसऱ्याच्या आधी गाडीची क्लच प्लेट बदलली. आम्ही राहतो घाटाखाली, मोताळ्याला. मुलीचं कॉलेज, दवाखाना, कचेरीची कामं सगळी बुलढाण्याला, म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी राजूर घाट. क्लच घसरायला लागल्यावर घाटात गाडी नुसती ओरडायची, चढायची नाही. म्हणून तीन दिवस गाडी गॅरेजला दिली, साडेसात हजार मोजले. गाडी घरी आली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही शेगावला निघालो. दारातून हलताच मागून आवाज आला... खट्!

एकदाच. मग काही नाही. नांदुऱ्याला रेल्वे फाटकाशी थांबलो. निघताना पुन्हा खट्. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हे काय वाजून राह्यलं व मांगं?"

मी पुढे विचारलं. उत्तर आलं, "काही नाही, तुमचे डबे वाजत असतील."

गॅरेजवाल्याचं नाव-गाव सांगत नाही. त्याच्याशी माझं वैर नाही. पण त्यानेही तेच केलं. स्वतः पुढे बसला, एक चक्कर मारून आला आणि मला न सांगता ह्यांना म्हणाला, "भाऊ, जुनी गाडी हाय, वाजनच. वहिनी मांगं बसते म्हनून त्याइले लय आयकू येते."

गंमत बघा! मी मागे बसते म्हणून मला ऐकू येतं, हे त्याला बरोबर कळलं होतं. पण मग मागे बसून ऐकावं, हे काही त्याला सुचलं नाही.

आठवडा गेला. आवाज होताच. मग शेजारच्या एका मुलाने सांगितलं, काकू, हा क्रॉसचा आवाज. मला फार बरं वाटलं, आजाराचं नाव कळल्यासारखं. मी तडक गॅरेजला जाऊन म्हटलं, "क्रॉस बदला." त्याने बदलले, दोन्ही. अठराशे रुपये घेतले. आवाज जागच्या जागी! आणि बोलायला मला तोंड उरलं नाही, कारण क्रॉस बदला असं मीच सांगितलं होतं. डॉक्टरकडे जाऊन "पोटात दुखतं" म्हणायच्या ऐवजी "अमुक गोळी द्या" म्हणावं, तसं झालं माझं.

तिसऱ्या खेपेला त्याने मान हलवली. "हाउसिंग उघडा लागन. क्राउन-पिनियन गेलं असन. बावीस हजार धरून चाला."

बावीस हजार! आमचं छोटं कृषी केंद्र आहे. रब्बीच्या तोंडावर बावीस हजार म्हणजे काय, हे शेतीवर जगणाऱ्या घरांना सांगायला नको. त्या रात्री मला झोप आली नाही. पैशाची काळजी होतीच. पण डोक्यात आणखी एक होतं. ह्या माणसाला काय झालंय ते कळलेलंच नाही, आणि आपण ह्याच गाडीतून मुलीला घाटातून आणतो-नेतो.

थोडं गाडीच्या पोटातलं सांगते, मलाही ते तेव्हाच कळलं. मारुती ८००, अल्टो, वॅगनआर ह्या गाड्यांना पुढची चाकं ओढतात. जीप, बोलेरो, सुमो, ओम्नी, ईको ह्यांना मागची चाकं ढकलतात. इंजिन पुढे आणि जोर लागतो मागे. तो जोर मागे न्यायला गाडीच्या पोटाखालून एक लांब लोखंडी नळी जाते, तिला शाफ्ट म्हणतात. मागच्या दोन चाकांच्या मध्ये भोपळ्यासारखा जो लोखंडी गोळा दिसतो, त्यात हा शाफ्ट गिअर फिरवतो आणि ते चाकं फिरवतात. शाफ्टच्या दोन टोकांना जे वाकणारे सांधे असतात, ते क्रॉस. क्लच प्लेट बदलायची तर गिअर बॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि त्यासाठी आधी हा शाफ्ट सोडावा लागतो. म्हणजे काम पुढे केलं तरी मागचे बोल्टही खोलून परत लावलेले असतात!

आणि 'खट्' का वाजतं? जात्याचा खुंटा ढिला झालेला आठवतो ना? एका दिशेने दळत राहिलं तर तो मुकाट असतो. हात थांबवून उलट फिरवला की खुंटा भोकातल्या भोकात आपटतो. इथेही तसंच. कुठेतरी ढिलाई असते आणि जोराची दिशा बदलली की ती आपटते.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या हिशेबाच्या वहीचं मागचं पान मी काढलं. आधी गाडीतलं सगळं सामान उतरवलं. जॅक, पाना, स्टेपनी, कॅन, एक नारळ (शेगावचाच, प्रसादाचा, सीटखाली गेलेला). निदान डब्यांचा आरोप तरी पुसला जावा! मग ह्यांना गाडी चालवायला लावली आणि मी मागे बाकड्यावर वही घेऊन. हे आधी हसले. मग कुतूहल वाटलं असावं, कारण गाणी आपणहून बंद केली.

स्पीडब्रेकरवरून हळू नेली, आवाज नाही. मोताळ्याच्या बाहेर खड्ड्यांचा रस्ता आहे, तिथे पाय ॲक्सिलेटरवरून काढून गाडी नुसती जाऊ दिली. मागचे पाटे कुरकुरले, पण 'खट्' नाही. उभ्या गाडीतून पहिला गिअर टाकून निघालो की खट्. रिव्हर्स टाकून मागे घेतली की खट्, आणि जास्त मोठा. चाळीसच्या वेगात पाय दाबला, सोडला, पुन्हा दाबला, तर प्रत्येक वेळी खट्... खट्. सरळ एकसारख्या वेगात काहीच नाही. सगळं लिहिलं. आवाज कुठून येतो ते सासूबाईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, चाकात नाही, मधोमध पायाखाली. आणि वर म्हणाल्या, "बंडीची खीळ ढिली झाली का बंडी अशीच वाजते. आम्ही काय बंडीत बसलो नाही का जनमभर?"

खड्ड्यात वाजत नाही म्हणजे पाटे, शॉकअप, त्यांचे बुश ह्यांचा दोष असण्याची शक्यता कमी. जोर बदलला की वाजतं म्हणजे दोष जोर नेणाऱ्या साखळीत, गिअर बॉक्सपासून मागच्या चाकापर्यंत कुठेतरी. क्राउन-पिनियन झिजलं असेल तर बहुतेक वेळा चालत्या गाडीत मागून एकसारखा हूंऽऽ असा सूर येतो. तो आमच्याकडे नव्हता.

मग आम्ही मलकापूरला गेलो. हायवेवर एक म्हातारे मिस्त्री आहेत, जन्म ट्रकखाली गेलेला. ह्या वेळी कोणता पार्ट बदला असं मी सांगितलं नाही. वहीचं पान पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि मला विचारलं, "बाई, रिव्हर्सले जास्त वाजते म्हन्ता?" पहिल्यांदाच कोणीतरी ह्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून प्रश्न विचारला होता.

त्यांनी गाडी सपाट जागी घेतली, इंजिन बंद केलं, चारी चाकांना पुढून-मागून दगड लावले, गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक सोडला. मग खाली सरकून शाफ्ट दोन्ही हातांनी धरला आणि इकडे-तिकडे पिळला. खट्, खट्! तोच आवाज, हाताने! "या, पाहा," म्हणाले. मी साडीचा पदर खोचून चटईवर आडवी झाले. शाफ्ट मागच्या गोळ्याला जिथे जोडतात तिथे चार बोल्ट होते. दोन इतके ढिले, की बोटाने हलत होते. एक मूळचा नव्हताच, बारीक बोल्ट ठोकून बसवलेला. कुठेही लॉकचा नट किंवा स्प्रिंग वॉशर नाही. बाकी सगळं धूळ आणि ग्रीसने काळं, पण त्या दोन चकत्या जिथे एकमेकींवर घासत होत्या तिथे नव्या ताटलीसारखी चकाकी. मिस्त्री म्हणाले, "हलते तिथं चमकते." हाउसिंगमध्ये थोडी ढिलाई आहे, पण ह्या वयाच्या गाडीत तेवढी चालते, असंही त्यांनी सांगितलं.

चार नवीन बोल्ट, नट, मजुरी सगळं मिळून साडेतीनशे रुपये. शंभर किलोमीटर झाल्यावर परत येऊन पाना लावून घ्या, हे फुकट.

नंतर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मात्र माझे पाय लटपटले. अशा गाडीत मागचं चाक एकदा फिरतं तेव्हा शाफ्ट साधारण चार वेळा फिरतो. साठच्या वेगात म्हणजे सेकंदाला तीसेक फेरे. तेव्हा बोल्ट तुटले, तर एक टोक सुटलेली ती जड नळी गाडीच्या पोटाखाली आपटत सुटते. घाट उतरताना असं झालं तर गाडी गिअरमध्ये असूनही इंजिन तिला धरून ठेवत नाही, सगळा भार एकट्या ब्रेकवर. राजूर घाटाची वळणं माझ्या डोळ्यांपुढून एकेक करून गेली. त्या तीन आठवड्यांत आम्ही तो घाट किती वेळा उतरलो, ते मी मोजलं नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे, की गाडीचा आवाज हा बाईच्या मनाचा खेळ समजणं थांबलं पाहिजे, आणि ते आधी आपल्या घरात. आपल्या गुडघ्याच्या दुखण्याला "वयानं होतं" आणि गाडीच्या दुखण्याला "जुनी आहे" म्हणणारी माणसं वाईट नसतात. त्यांना ऐकायचा कंटाळा असतो, इतकंच. आणि आपणही सांगताना चुकतो. "कसलातरी आवाज येतो बाई" म्हणून सोडून देतो, नाहीतर माझ्यासारखं ऐकीव नाव ठोकून देतो. काय बिघडलं ते शोधणं मिस्त्रीचं काम. कधी वाजतं, कधी वाजत नाही, हे आपलं. निघताना की थांबताना? खड्ड्यात की सपाटीवर? वळताना? रिव्हर्सला? आवाज कधीपासून, आणि त्याच्या आधी कोणतं काम झालं होतं? आमच्या बाबतीत खरी गोम ह्या शेवटच्या प्रश्नात होती. काम झाल्यावर नवा आवाज आला, तर आधी त्याच कामात जे उघडलं-लावलं ते तपासायचं. बावीस हजाराचं नंतर बघू.

जुने पार्ट परत मागायचे, बिलावर काय बदललं ते लिहून घ्यायचं. लाजायचं नाही. भाजीवालीकडे वांगं उलटसुलट करून बघतोच ना आपण? फक्त एक, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी जाऊ नका, आणि शाफ्ट पिळून बघायचा हट्ट घरी करू नका. ते मिस्त्रीकडून, आपल्या डोळ्यांसमोर.

पहिल्या गॅरेजवाल्याची बाजूही आहे. त्याच्याकडे पंधरा-सोळा वर्षांची पोरं खाली झोपून बोल्ट लावतात, आणि वर आमच्यासारखी गिऱ्हाइकं "झालं का, झालं का" करत उभी असतात. एखादा बोल्ट हरवला तर पोरगं सांगायला घाबरतं, हाताला लागेल तो ठोकतं. शिवाय नवी क्लच प्लेट घट्ट पकडते, त्यामुळे जुनी ढिलाईही पहिल्यापेक्षा जास्त ऐकू येते. म्हणजे "जुनी हाय, वाजनच" हे अगदीच खोटं नव्हतं. पण त्याने गाडीखाली जाऊन एकदा हात लावला असता तर!

लेकीला हे सगळं सांगितलं तर तिने मला बर्था बेंझ ह्या बाईची गोष्ट ऐकवली. जर्मनीत १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता, त्यानेच बनवलेली मोटार घेऊन दोन मुलांसह निघाली. मानहाइमहून फोर्ट्सहाइमला, आपल्या आईकडे, शंभरेक किलोमीटर. माहेरच्या ओढीने काय काय होतं बघा! वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक घासले, तर चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली, म्हणून परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, हिला चढासाठी आणखी एक गिअर हवा. आणि कार्ल बेंझने तो बसवला. तुला काहीतरीच वाटतं, असं तो म्हणाला नाही.

शंभर किलोमीटर झाल्यावर आम्ही मलकापूरला जाऊन पाना लावून घेतला. एक नट पाव फेरा फिरला, बाकी घट्ट. परवा बुलढाण्याहून परत येताना घाट लागायच्या आधी ह्यांनी गाणी बंद केली आणि मागे न बघताच विचारलं, "आई, काही वाजून राह्यलं का?"

सासूबाई कोथिंबिरीच्या गाठोड्यावर डोकं ठेवून गाढ झोपल्या होत्या.