रक्तातला आकडा आणि स्त्रीचे आयुष्य

रजोनिवृत्ती हा रोग नव्हे. तो रोगच आहे, असे अमेरिकन स्त्रियांच्या मनावर ठसविण्याचे कार्य १९६६ साली डॉ. रॉबर्ट विल्सन यांच्या ‘फेमिनिन फॉरेव्हर’ या पुस्तकाने केले. गर्भार घोडीच्या मूत्रातून काढलेले ‘प्रेमरिन’ १९४२ पासून विक्रीस होतेच. आता त्याला रोगीही मिळाले! १९७५ साली निव्वळ इस्ट्रोजेनचा गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी संबंध दिसून आला, तेव्हा त्याला प्रोजेस्टिनची जोड देण्यात आली. पुढे नवा युक्तिवाद मांडला गेला: या गोळीने कोलेस्टेरॉल उतरते, सबब हृदयविकारही टळणारच.

पूर्वार्ध खोटा नव्हता. १९९५ च्या ‘पेपी’ चाचणीत ८७५ स्त्रियांची तीन वर्षे पाहणी झाली. संप्रेरके घेणाऱ्यांचे घातक कोलेस्टेरॉल घटले, हितकर वाढले. वजन वाढते ही भीतीही निराधार ठरली. ते नकली गोळी घेणाऱ्यांचेच किंचित अधिक वाढले.

परंतु ‘सबब’ खोटे होते. १९९८ साली हृदयरोगी २,७६३ स्त्रियांवरील ‘हर्स’ चाचणीत आकडे सुधारले, हृदयविकाराचे झटके मात्र टळले नाहीत. पहिल्या वर्षी तर ते वाढले. २००२ साली सरकारी खर्चाने चाललेली, १६,६०८ स्त्रियांवरील चाचणी मध्येच थांबवावी लागली. अस्थिभंग कमी झाले होते. पण स्तनांचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गाठी आणि हृदयविकार वाढले होते.

‘विज्ञान असेच चुकत चुकत पुढे जाते,’ असे यावर सांगितले जाते. मग २००९ साली न्यायालयामार्फत उघड झालेल्या कागदपत्रांचे काय? कंपनीच्या पैशाने भाडोत्री लेखकांनी लिहिलेले २६ लेख १९९८ ते २००५ या काळात डॉक्टरांच्या नावांनी वैद्यकीय नियतकालिकांत छापले गेले होते. ही चूक नव्हे, हा व्यापार होय.

औषधाला विरोध करण्याचे कारण नाही. साठीच्या आतील, रजोनिवृत्तीला दहा वर्षे न उलटलेल्या स्त्रीला अंगाची आग सोसवत नसेल, तर तिला ते उपकारकच ठरते व धोकाही कमी असतो. विरोध हवा तो आकडा विकून आयुष्याचा हवाला देणाऱ्या व्यवस्थेला. औषधाची कसोटी विक्रेत्याच्या हाती न राहता सार्वजनिक पैशाने, जनतेसमोर घेतली गेली पाहिजे, ही मागणी म्हणूनच केवळ डॉक्टरांची नव्हे. ती समाजवादी चळवळीची आहे.