प्रसूतिगृहांतील यंत्र आणि सुईण

मलावी हा आफ्रिका खंडांतील एक दरिद्री देश. लिलाँग्वे ह्या त्याच्या राजधानींत ‘एरिया २५’ नांवाचें एक आरोग्यकेंद्र आहे. तेथें वेणा सुरू झालेल्या स्त्रियांच्या गर्भस्थ बालकांचे हृदयाचे ठोके यंत्र टिपूं लागलें, व कृत्रिम बुद्धीचें गणकयंत्र ते अखंड वाचून धोका दिसतांच परिचारिकेस सावध करूं लागलें. तीन वर्षांत तेथील मृतजन्म व नवजात बालकांचे मृत्यु शेंकडा ८२ नीं घटले, असें वृत्त २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. आतां सुईणीचें काम संपलें, असें आमचे कांहीं तरुण वाचक म्हणतील. आम्हांस तसें वाटत नाहीं.

गर्भस्थ बालकाचे ठोके सामान्यतः मिनिटास ११० ते १६० असतात. प्रत्येक कळेबरोबर त्यास मिळणारा प्राणवायु क्षणभर कमी होतो. सशक्त बालक तें सोसतें, थकलेल्याचे ठोके मंदावतात व लवकर सांवरत नाहींत. हे ठोके ऐकण्यासाठीं पिनार नामक फ्रेंच वैद्यानें १८९५ सालीं एक कर्णा काढला. गरीब देशांत तो आजहि चालतो. कर्णा चांगलाच आहे. परंतु तो दर पंधरा ते तीस मिनिटांनीं, आणि शेवटच्या अवस्थेंत दर ५ मिनिटांनीं लावावा लागतो. एका सुईणीकडे चार-पांच खाटा असल्या म्हणजे हें घडावें कसें? ती एकीचें मूल हातीं घेत असतां दुसरीचें मुकाट्यानें गुदमरतें. यंत्राचा खरा उपयोग येथें आहे.

तथापि दुसरी बाजूहि पालकांनीं पाहावी. ब्रिटन व आयर्लंड येथें सुमारें ४७ हजार स्त्रियांच्या प्रसूतींत ठोक्यांचा अर्थ लावणाऱ्या गणकयंत्राची परीक्षा झाली. बालकांस त्यापासून अधिक लाभ झाला नाहीं, असा निष्कर्ष २०१७ सालीं निघाला. तेथें शिकलेलें माणूस खाटेजवळ होतेंच, असा आम्ही त्याचा अर्थ लावतों. मलावीचा आंकडाहि पूर्वीच्या व नंतरच्या काळाची तुलना आहे. सर्व श्रेय एका पेटीस देणें घाईचें होईल.

शिवाय इशारा मिळाल्यावर शस्त्रक्रियेस डॉक्टर हवा, रक्त हवें, वीज हवी. यंत्र घेतलें म्हणून कोणी परिचारिकांच्या जागा कमी करील, तर त्यास आम्ही काटकसर म्हणणार नाहीं, लबाडी म्हणूं.

म्हणून वरच्या वर्गांतील एखाद्या मुलीनें शुश्रूषेचें शिक्षण घेण्याची इच्छा दर्शविल्यास, तें काम आतां यंत्रें करणार असें सांगून पालकांनीं तिला परतवूं नये. तिनें यंत्र शिकावें आणि कर्णाहि शिकावा. वीज गेली म्हणजे तोच हातीं उरतो.