सातबाऱ्याला फुटलेली खिडकी

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे 'शिकलेल्या' माणसाकडे आपोआप येणारी सगळी कामे माझ्याकडे आली आहेत. कोऱ्हाळे बुद्रुकच्या आमच्या आळीत कुणाला उतारा हवा असला की हाक येते, "पोरी, मोबाईल घेऊन ये गं!" वाङ्मयेतिहासाचे पुस्तक उघडेच राहते आणि मी गट नंबर टाकत बसते. पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. ही सोय १ मे २०१८ पासूनची. तलाठ्याच्या दारातले हेलपाटे तिने वाचवले, हे प्रथमच कबूल करते.

पण प्रश्न उताऱ्याचा नाही, उताऱ्यामागच्या यंत्राचा आहे. सातबारा आता आपण मागितला तरच बाहेर पडतो असे नाही. बँक, पीकविमा, खरेदीखत नोंदवणारे कार्यालय यांचे संगणक भूमी अभिलेखाच्या संगणकाला परस्पर विचारतात आणि उत्तर घेऊन जातात. याला 'एपीआय' म्हणतात. वाण्याचे दुकान डोळ्यांपुढे आणा. गिऱ्हाइकाला आत कोठारात शिरता येत नाही. फळीपाशी उभे राहून ठरलेल्या शब्दांत मागायचे आणि ठरलेला माल घ्यायचा. दस्त नोंदला की फेरफाराची सूचना तलाठ्याकडे आपोआप जाते, ती याच फळीवरून.

अशा जोडणीचे आम्हा ऊसवाल्यांना नवल वाटू नये. विकास सोसायटीचे कर्ज उसाच्या बिलातून कापून घेण्याची रीत संगणकाच्या कितीतरी आधीची. एका दप्तरातला आकडा दुसऱ्या दप्तरात जात होताच. फरक एवढाच, की तेव्हा मध्ये माणूस होता, त्याला ओळख होती, आणि भांडायला तोंड होते.

आजीचेच पाहा. सातबाऱ्यावर तिच्या नावात एक वेलांटी कमी आहे. आधारवर ती आहे. गावात याने कुणाचे काही अडले नव्हते. पण एका अर्जाच्या वेळी यंत्राने दोन नावे ताडून पाहिली आणि या दोन बायका निराळ्या असल्याचा निकाल दिला. कारण विचारायला समोर कुणीच नाही! १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. जितकी दप्तरे जोडाल तितक्या घरांत एकच चूक एकाच दिवशी पोचणार. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त होतो खरा. पण ती दुरुस्ती चूक गेली त्याच वाटेने, त्याच वेगाने सगळीकडे जाईल, याची हमी कोण देणार?

आमचे एक प्राध्यापक म्हणाले, "सातबारा हा सार्वजनिक कागद. तो कुणी पाहिला तर तक्रार कसली?" सरांचे म्हणणे खोटे नाही. मात्र पूर्वी कुणी परका आमचा उतारा पाहायला आला, तर त्याचा चहा निवायच्या आत ते वस्तीवर कळत असे. आता शंभर जणांनी पाहिला तरी कळत नाही. खिडकी बुजवा असे मी म्हणत नाही. खिडकीशी एक वही ठेवा, एवढेच म्हणणे आहे. कुठल्याही संस्थेच्या यंत्राने आमचा गट विचारला की खातेदाराच्या मोबाईलवर एक ओळ यावी : कोणी विचारले, कशासाठी.

हे अशक्य नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'अकाउंट अ‍ॅग्रिगेटर' पद्धतीत बँकखात्याची माहिती खातेदाराच्या संमतीवाचून हलत नाही. कोणती माहिती, कुणाला, कशासाठी, किती काळ, हे त्याला आधी दाखवावे लागते आणि दिलेली संमती मागेही घेता येते. बँकेत पैसा ठेवणाऱ्याला मिळालेला हा मान जमीन कसणाऱ्याला का नसावा? संगणकाच्या या गोष्टी विज्ञान शाखेने बोलाव्यात, असे काही मित्रांना वाटते. मला मात्र हा प्रश्न आमच्या राज्यशास्त्राच्या तासाचाच वाटतो.

आजीला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "ते आपल्याला बघत्यात, मग आपल्याला ते का दिसंना?" दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. सोमवारी पुन्हा चौकशीला जायचे आहे. तिसऱ्या तासाची हजेरी बुडेल.