बुतारेचे बारा दिवस

मोठी दंगल किंवा हत्याकांड घडलं की एक बचाव हमखास पुढे येतो. साहेब नुसतं बोलले, त्यांनी कुणाच्या हातात तलवार दिली नाही. हा बचाव फक्त वकील करतात असं नाही. विचार करणारे, भरपूर वाचन असलेले लोकही तो मनापासून करतात. त्यांचं म्हणणं असं की जमिनीचे तंटे, बेकारी, पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, आधीपासून पोसलेल्या टोळ्या आणि हात बांधून उभे राहिलेले पोलीस ही हिंसेची खरी कारणं आहेत, भाषण निमित्तमात्र. हा पूर्वपक्ष पोरकट नाही. त्याला अनुकूल असलेला सर्वांत भक्कम पुरावा 1994 च्या रवांडात मिळतो, म्हणून तो तिथेच तपासायला हवा.

रवांडाचं नाव निघालं की ‘आरटीएलएम’ या रेडिओ केंद्राचं नाव निघतं. जुलै 1993 मध्ये सुरू झालेल्या या केंद्रावरून तुत्सी या अल्पसंख्य समाजाला झुरळं म्हटलं जाई. पुढच्या एप्रिलपासून शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. रेडिओने चिथावलं आणि शेजाऱ्याने कोयता उचलला, असं चित्र त्यानंतर जगभर रूढ झालं. राज्यशास्त्राचे अभ्यासक स्कॉट स्ट्रॉस यांनी शिक्षा झालेल्या दोनशेहून अधिक मारेकऱ्यांशी तुरुंगात बोलून हे चित्र बरंचसं खोडून काढलं. बहुतेकांनी रेडिओकडे बोट दाखवलं नाही. कुणीतरी दारात आलं, चल म्हणालं, नाही आलास तर तुझं काय होईल तेही ऐकवून गेलं, असं ते सांगत होते. डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट या अर्थशास्त्रज्ञाने डोंगरांमुळे कोणत्या गावात रेडिओच्या लहरी पोचत होत्या आणि कोणत्या नाही, यावरून हिशेब मांडला. त्याच्या अंदाजाने मारेकऱ्यांच्या एकूण सहभागात या केंद्राचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास होता. तो आकडाही हजारोंचा आहे, पण उरलेल्या नव्वद टक्क्यांचं काय, असा प्रश्न पूर्वपक्ष विचारणारच.

स्ट्रॉस यांचं निरीक्षण मला पटतं, आणि पूर्वपक्ष कोसळतो तो नेमका त्या निरीक्षणामुळे. दारात आलेला तो माणूस कोण होता? बहुतेक ठिकाणी तो वस्तीचा प्रमुख होता, नगरप्रमुखाचा माणूस होता, पक्षाचा स्थानिक कार्यकर्ता होता. दिवसाढवळ्या शेजाऱ्याला मारायला चल असं सांगण्याचं, आणि वर धमकावण्याचं, धैर्य त्याला कुठून आलं? सरकार आपल्याला अडवणार नाही, उलट अडवणाऱ्यालाच धडा शिकवील, ही खात्री त्याला कुणी दिली?

दक्षिणेकडच्या बुतारे प्रांतात याचं उत्तर सापडतं. बुतारे शहर राष्ट्रीय विद्यापीठाचं. प्रांतात तुत्सींची वस्ती मोठी, आणि प्रांतप्रमुख ज्याँ-बाप्तिस्त हाब्यालिमाना हे त्या पदावरचे देशातले एकमेव तुत्सी. 6 एप्रिलच्या रात्री राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि किगालीत दुसऱ्या दिवसापासून कत्तल सुरू झाली. बुतारेत मात्र सीमेवरच्या काही भागांत हत्या सुरू झाल्या असल्या, तरी शहर आणि प्रांताचा बराच भाग जवळपास दोन आठवडे शांत राहिला. तिथेही दारिद्र्य होतं, जमीन अपुरी होती, 1959 पासूनच्या वैराच्या आठवणी होत्या. पूर्वपक्ष ज्यांना खरी कारणं म्हणतो, ती सगळी हजर होती. तरी हत्याकांड होत नव्हतं, कारण वरचा अधिकारी ते होऊ देत नव्हता.

17 एप्रिलला हाब्यालिमाना यांना पदावरून काढल्याचं जाहीर झालं. 19 तारखेला नव्या प्रांतप्रमुखाच्या अधिकारग्रहणासाठी हंगामी राष्ट्राध्यक्ष थिओडोर सिंदिकुब्वाबो स्वतः बुतारेत आले. ते याच भागातले होते. पंतप्रधान ज्याँ कांबांडाही हजर होते. जे म्हणतात याच्याशी आमचा संबंध नाही, त्यांनी बाजूला व्हावं आणि ‘काम’ करणाऱ्यांना करू द्यावं, असं राष्ट्राध्यक्षांनी सुनावलं. मारा हा शब्द त्यांनी उच्चारला नाही आणि सभेतल्या कुणाला तो ऐकायची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी, 20 एप्रिलला, जुन्या राजाच्या वृद्ध विधवा राणी रोझाली गिकांडा यांना घरातून नेऊन मारलं. त्यानंतर बुतारेत जे घडलं ते देशातल्या सर्वांत भीषण कत्तलींपैकी आहे. हाब्यालिमानाही वाचले नाहीत.

इथे कुणी म्हणेल, त्याच सुमारास बाहेरून सैनिकही आले होते. मारलं त्यांनी, भाषणाने नाही. सैनिक आले होते हे खरंच आहे. पण मूठभर सैनिक प्रांतभर घरोघर जाऊ शकत नव्हते. त्यांना स्थानिक नगरप्रमुख हवे होते, पोलीस हवे होते, गावकरी हवे होते. काल-परवापर्यंत लोकांना आवरणाऱ्या या माणसांना त्या भाषणाने सांगितलं की आता आवरणं हाच गुन्हा आहे. भाषण आणि फौज ही दोन वेगळी कारणं मानून एकाला निर्दोष ठरवणं म्हणजे हुकूम आणि तो बजावणारा यांची फारकत करून दोघांनाही सोडून देणं आहे.

भाषण आणि हत्या यांचा असा संबंध बुतारेबाहेरच्या एका प्रकरणात न्यायालयाने तपासलेला आहे. ताबा या गावाचे नगरप्रमुख ज्याँ-पॉल अकायेसू पूर्वी शिक्षक होते, आणि 18 एप्रिलपर्यंत ते हत्या थांबवायची धडपड करत होते. त्या दिवशी हंगामी सरकारच्या नेत्यांनी नगरप्रमुखांची बैठक घेतली. अकायेसू तिथून वेगळा माणूस होऊन परतले. 19 एप्रिलच्या पहाटे जमलेल्या गर्दीसमोर ते बोलले आणि एकजुटीने शत्रूचा निःपात करा असं सांगितलं. गर्दीला शत्रू म्हणजे तुत्सी हे कळलं, आणि तिला तसं कळेल हे अकायेसूंना माहीत होतं. आरुशातल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2 सप्टेंबर 1998 च्या निकालात त्या भाषणाचा आणि पाठोपाठ ताबात झालेल्या व्यापक हत्यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्याचं स्पष्ट नोंदवलं. ताबात किमान दोन हजार माणसं मारली गेली होती. दोनच दिवसांनी कांबांडांना जन्मठेप झाली. त्यांनी वंशसंहाराचा गुन्हा आधीच कबूल केला होता.

पुढाऱ्याचं भाषण द्वेष पैदा करतं की नाही, हा वाद म्हणूनच मला दुय्यम वाटतो. द्वेष आधीपासून असू शकतो. तो असूनही माणसं शेजारी राहतात, एका विहिरीचं पाणी भरतात, कारण हात उचलला तर शासन होईल याचं भय असतं. सत्तेतला किंवा सत्ता हलवू शकणारा माणूस बोलतो तेव्हा ते भय जातं आणि त्या जागी अभय येतं. हे अभय देणं हे कृत्य आहे. त्याला मत म्हणता येत नाही.

हिंसेनंतरच्या बोलण्यालाही हेच लागू होतं. दिल्लीत 1984 च्या नोव्हेंबरमध्ये शिखांची कत्तल झाली. सरकारी आकडा 2,733 आहे. 19 नोव्हेंबरच्या सभेत राजीव गांधी म्हणाले की मोठं झाड पडलं की धरणी हादरते. त्या वाक्याने कुणाचा जीव घेतला नाही, कत्तल आधीच झाली होती. पण देशाचा पंतप्रधान जेव्हा कत्तलीला निसर्गाचा नियम ठरवतो, तेव्हा ठाण्यातल्या फौजदाराला आपण काय करावं अपेक्षित आहे ते समजतं. त्या कत्तलीतल्या गुन्ह्यांसाठी काँग्रेस नेते सज्जन कुमार यांना उच्च न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती 2018 च्या डिसेंबरात.

मुंबईची गोष्ट मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको, पण ती टाळताही येत नाही. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये इथे नऊशे माणसं गेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने ‘सामना’ आणि ‘नवाकाळ’मधल्या लिखाणाने भावना भडकवल्या असं नोंदवलं. 8 जानेवारीपासून मुसलमानांवर झालेल्या संघटित हल्ल्यांत शाखाप्रमुखांपासून बाळ ठाकरे यांच्यापर्यंत शिवसेनेच्या नेत्यांचं मार्गदर्शन होतं, असाही आयोगाचा निष्कर्ष आहे. अहवाल आला तेव्हाच्या शिवसेना-भाजप युती सरकारने महत्त्वाचे निष्कर्ष नाकारले. लोकांचा राग आपसूक उसळला, असं अजूनही सांगितलं जातं. पण ज्या नेत्याच्या एका शब्दावर मुंबई बंद होई आणि एका शब्दावर पुन्हा सुरू होई असं त्याचे अनुयायी अभिमानाने सांगतात, त्याचा शब्द नेमका दंगलीच्या दिवसांत निष्प्रभ होता हे कसं मानायचं?

शब्दाची ताकद उलट दिशेनेही दिसलेली आहे. 1947 च्या ऑगस्टमध्ये गांधीजी कलकत्त्यात बेलियाघाटातल्या एका पडक्या घरात मुस्लीम लीगचे नेते सुऱ्हावर्दी यांना सोबत घेऊन राहिले. महिनाअखेरीस दंगल पुन्हा उसळली तेव्हा त्यांनी 1 सप्टेंबरला उपोषण सुरू केलं, आणि 4 तारखेला सर्व धर्मांच्या पुढाऱ्यांनी लेखी हमी दिल्यावर सोडलं. वैर, फाळणी, निर्वासितांचे लोंढे, यातलं काहीही त्या चार दिवसांत बदललं नव्हतं. हमी देणारे पुढारी बदलले होते. शांततेचं श्रेय नेत्याच्या शब्दाला द्यायचं आणि रक्तपाताचं खापर परिस्थितीवर फोडायचं, हा दुटप्पीपणा इतिहासाला धरून नाही.

शेवटचा आक्षेप अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आहे, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. द्वेषमूलक भाषणाविरुद्धची कलमं आपल्याकडे व्यंगचित्रकार, विद्यार्थी, समाजमाध्यमावर चार ओळी लिहिणारे यांच्यावर सर्रास लावली जातात. कायदा आणखी कडक करा अशी मागणी म्हणूनच मी करणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1989 च्या रंगराजन खटल्यात सांगितलं आहे की बोलणं आणि धोका यांचा संबंध दारूच्या कोठारातल्या ठिणगीसारखा जवळचा असला पाहिजे. या कसोटीत बोलणाऱ्याची पायरी मोजली गेली पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या 2012 च्या रबात आराखड्यात बोलणाऱ्याचं समाजातलं स्थान हा स्वतंत्र निकष आहे. चहाच्या टपरीवरचं वाक्य आणि राज्यकर्त्याचं वाक्य शब्दशः सारखं असलं तरी कोठारापासूनचं त्यांचं अंतर सारखं नसतं.

आपल्या कायद्यात हा क्रम उलटा झाला आहे. समाजगटांत वैर पसरवण्याविरुद्धचं जुनं कलम 153-अ, आताच्या न्याय संहितेतलं 196, यांखाली न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. दुबळ्याविरुद्ध ती मिळते; सत्तेतल्या किंवा सत्तेला हव्याशा माणसाविरुद्ध ती अडकते. ‘सामना’च्या अग्रलेखांबद्दल ही मंजुरी द्यायला सरकारला सांगावं म्हणून महाराष्ट्राचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा उच्च न्यायालयात गेले. 1994 मध्ये ती याचिका फेटाळली गेली आणि सर्वोच्च न्यायालयानेही पुढे हात घातला नाही. 2000 च्या जुलैत नव्या सरकारने मंजुरी देऊन ठाकरे यांना अटक केली, तेव्हा दंडाधिकाऱ्यांनी खटला मुदतबाह्य ठरवून त्याच दिवशी संपवला. अग्रलेखांत गुन्हा होता की नव्हता, हे कुठल्याही न्यायालयात साक्षीपुराव्याने तपासलं गेलंच नाही.

रवांडातही वेळेवर एक वॉरंट निघालं होतं. 22 नोव्हेंबर 1992 रोजी काबायाच्या सभेत लेऑन मुगेसेरा या सत्ताधारी पक्षाच्या नेत्याने तुत्सींना न्याबारोंगो नदीतून इथिओपियाला परत पाठवण्याची भाषा केली. न्यायमंत्र्यांनी त्याच्या अटकेचा आदेश काढला. तो बजावला गेला नाही, आणि मुगेसेरा कॅनडाला निसटला. दीड वर्षाने त्याच नदीतून प्रेतं व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत वाहत गेली. त्याला परत आणून जन्मठेप सुनावेपर्यंत 2016 उजाडलं.

म्हणून मागणी नव्या कलमाची नाही. मंत्री, आमदार, खासदार आणि पक्षप्रमुख यांच्या भाषणांबाबत मंजुरीचा निर्णय सरकारकडून काढून सत्र न्यायाधीशाकडे द्यावा. तो ठरलेल्या आठवड्यांत, कारणांसह द्यायचं बंधन असावं. आणि मंजुरी अडकून राहिली असेल तेवढा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळावा.