सेल रविवारी रात्री संपतोय म्हणे!

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये गेला आठवडाभर एकच विषय चाललाय. 8 टीबीची हार्ड डिस्क, 21 हजारांची 16 हजारांना, फक्त रविवारी रात्री 12 पर्यंत. माजी विद्यार्थ्यांनी ‘डिजिटल संग्रहा’साठी थोडी रक्कम दिली आहे आणि ती पुरी या एका डब्यात घालावी, असं जवळपास सगळ्यांचं मत. विज्ञानाचे जनाब तर फोनवर ऑफर उघडी ठेवूनच चहा पितात. विरोधात मी एकटा. म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा हिशेबाचा, कारण समोरच्यांचा सगळा जोर तिथेच आहे. “जनाब, 8 टीबीची घेतली तर टीबीमागे 2 हजार पडतात, 2 टीबीची घेतली तर सव्वातीन हजार. मग शहाणा कोण?” गणित बरोबर आहे. पण तीन माणसांच्या घरात 50 किलो कांद्याचं पोतं स्वस्त पडलं म्हणून आणायचं आणि अर्धं कुजवायचं, हेही गणितच आहे. आमच्याकडे आहे काय? शाळेची जुनी वार्षिकं मिळून चारेक हजार पानं. स्कॅन करून नीट दाबून ठेवली तर पानामागे साधारण 1 एमबी, म्हणजे 4 जीबी. मुशायऱ्यांच्या आणि भाषणांच्या कॅसेटवरून काढलेला 200 तासांचा आवाज धरला, तर एमपीथ्रीत 12 जीबीच्या आसपास. गॅदरिंगचे व्हिडिओ हीच काय ती अवजड गोष्ट. सगळं धरून 600 जीबीच्या वर जात नाही. उरलेल्या सात टीबीत काय ठेवणार? ‘जुम्मा मुबारक’चे फोटो?

आणि 8 टीबी म्हणजे तरी काय? कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या पटीत. डिस्क लावली की पडद्यावर 7.27 दिसतं आणि मग स्टाफरूममध्ये “फसवलं” म्हणून ओरड होते. फसवलेलं नसतं, डब्यावर माप बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. सेलच्या घाईत आपण वाचत नाही, एवढंच.

त्याहून मोठी भानगड वेगळी आहे. हल्ली बऱ्याच डिस्कमध्ये एसएमआर नावाची पद्धत असते. घरावरची कौलं जशी एकावर एक थोडी चढवून बसवतात, तशा यात माहितीच्या ओळी एकमेकींवर चढवलेल्या असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावतं, पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, म्हणून सतत लिहायचं काम असेल तर डिस्क रेंगाळते. 2020 साली वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्कमध्ये ही पद्धत आधी न सांगता वापरल्याचं उघड झालं, तेव्हा जगभर बोंबाबोंब झाली होती. खरं सांगायचं तर एकदा भरून कपाटात ठेवायच्या संग्रहाला एसएमआर चालते. माझं भांडण पद्धतीशी नाही. निवड काय करतोय हे न कळता फक्त लाल अक्षरातली सवलत बघून बटण दाबण्याशी आहे.

शाळेतल्या कॉम्प्युटरची गोष्ट तर कुणी काढतच नाही. त्याला यूएसबी 2.0 आहे. सेकंदाला 35 एमबीच्या वेगाने 8 टीबी कॉपी करायला अडीच दिवसांहून जास्त लागतील. आमच्याकडे सलग अडीच दिवस वीज कधी असते, ते महावितरणला विचारा. शिवाय ही मोठी डिस्क वेगळ्या अडॅप्टरवर चालते. लाईट गेली की डिस्कही गेली, मध्येच.

आता खरं कारण सांगतो. 2017 पर्यंत माझ्याकडेही एकच मोठी डिस्क होती. त्या काळात 1 टीबी म्हणजे मोठीच. तिच्यात माझ्या नानीचा आवाज होता. जात्यावर म्हणायचा दखनी चक्कीनामा, तिला तिच्या आईकडून आलेला, तिनं तासभर म्हणून दाखवला होता. मध्येमध्ये ती थांबायची, “आगे क्या था रे?” म्हणून मलाच विचारायची. तेही त्यात होतं. डिस्क टेबलावरून पडली. लावली तर टक् टक् टक् आवाज. दुरुस्तीवाल्यानं ती उघडली, बघितली आणि परत दिली. वॉरंटी शिल्लक होती, नवीकोरी डिस्क मिळाली. रिकामी. वॉरंटी लोखंडाची असते, आवाजाची नसते. नानी त्याच्या आदल्या वर्षी गेली होती.

म्हणून एक मोठी डिस्क मला भीती घालते. माझी अम्मी लोणचं एका मोठ्या बरणीत कधी भरत नाही. तीन बरण्या, तीन जागी, एकीला बुरशी आली तर बाकी दोन शाबूत. बीएडला जे शिकलो नाही ते तिच्या फडताळात आहे. माझी मागणी एवढीच: 2 टीबीच्या दोन घ्या, तेरा हजार होतील. एक शाळेत, दुसरी दुसऱ्या गल्लीत कुणाच्या तरी घरी. वर्षातून दोनदा लावून फाइली उघडतात का ते बघा. उरलेले तीन हजार फाइली बदलून घ्यायला लावा.

हो, फाइली बदलून. हे कुणाच्या डोक्यात नाही. आमचं उर्दू लिखाण वर्षानुवर्षं इनपेजमध्ये आहे, तेही जुन्या. ते सॉफ्टवेअर नसेल तर फाइल असून नसल्यासारखी. मराठी लिखाण श्रीलिपीत. फॉन्ट नसला की ‘मुसलमान’ शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची अर्थहीन खिचडी. हे युनिकोडमध्ये आणून ठेवलं नाही, तर 8 टीबी काय, 80 टीबी घ्या.

आपण एक रडगाणं नेहमी गातो: मराठी मुसलमानाच्या लिखाणाची दखल कुणी घेतली नाही. 1990 साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. त्या काळच्या भाषणांच्या कॅसेट आज कुणाच्या घरात आहेत, विचारा आपापल्या गावात. उर्दू कागदाला तर आपण रद्दीत घालत नाही, त्यावर अल्लाहचं नाव असेल म्हणून गोणीत भरून नदीत ठंडे करतो. अदब म्हणून ठीक. पण त्याच गोणीत गावातल्या शायराची एकुलती एक छापील गझलही जाते. तिचा आधी फोटो तरी कुणी काढतं का? दखल दुसऱ्यांनी घ्यायची आणि गोणी आपण बांधायची, हे कसं?

शनिवारी मीटिंग झाली. हेडमास्तर साहेब म्हणाले, “जनाब, आप बहुत शक करते हैं.” मी म्हटलं, हो, करतो. विज्ञानाच्या जनाबांनी शेवटपर्यंत टीबीमागचा भाव सोडला नाही. निर्णय झाला नाही, चहा झाला. रविवारी रात्री 12 वाजता सेल संपला.

मंगळवारी सकाळी त्यांनी फोन पुढे केला. तीच डिस्क, साडेपंधरा हजार, सणाची खास ऑफर, फक्त तीन दिवस.